लिथुआनियाचं पांढरं चीज: घरी कसं करायचं, कसं वाळवायचं आणि कशाबरोबर खायचं

विल्नियसमध्ये रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर हालेस तुर्गुस नावाची मंडई आहे, इमारत 1906 ची, आणि तिथे दूधदुभत्याच्या टेबलांवर एक वेगळ्याच आकाराचं पांढरं चीज मांडलेलं असतं. गोल चाक नाही, चौकोनी वडी नाही, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळतं होत गेलेलं, कोपरे गोलसर आणि अंगावर कापडाच्या विणीचा ठसा. हे वार्श्केस सूरिस. लिथुआनियात गावाकडे पिढ्यानपिढ्या घराघरात होत आलेलं चीज हेच, आणि आता त्याला युरोपियन युनियनचं संरक्षित भौगोलिक नावही मिळालंय.

कौनास, विल्नियसला शिकायला आलेली आपली बरीच मुलं हे विकत घेतात, पनीर समजून भाजीत टाकतात, मग ते आंबट लागतं आणि पुन्हा कधी घेत नाहीत. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण या चीजची सगळी गंमत त्याच्या वयात आहे. एकच चीज, पण दोन दिवसांचं असताना एक चव, पंधरा दिवस वाळल्यावर दुसरी, धुरावर ठेवलं की तिसरी, आणि प्रत्येक वयाला खायची पद्धत वेगळी. हे एकदा कळलं की कुठलं घ्यायचं आणि कशाबरोबर खायचं ते आपोआप सुटतं.

आधी दुकानात काय बघायचं

लेबलवर चार-पाच शब्द ओळखता आले की पुरे. नुसतं वार्श्केस सूरिस असेल तर ताजं, मऊ. त्यापुढे ज्योविन्तास असेल तर वाळवलेलं, रूकितास असेल तर धुरावलेलं. सु क्मिनाइस म्हणजे कॅरवेच्या दाण्यांसकट, आपल्याकडे शहाजिरं म्हणून मिळतं ते चालतं, पण साधं जिरं घालू नका, चव पार दुसरीकडे जाते. लिएसास लिहिलेलं असेल तर ते साय काढलेल्या दुधाचं, डाएटवाल्यांसाठी ठीक पण पहिल्यांदा खाणाऱ्याने ते घेऊ नये, कोरडं लागतं आणि दातांत कचकच वाजतं.

शाकाहारी लोकांसाठी महत्त्वाची गोष्ट: पारंपरिक वार्श्केस सूरिस दूध आंबवून करतात, त्यात दूध घट्ट करणारं, वासराच्या पोटातलं रेनेट नावाचं एन्झाइम लागतच नाही. तरी कारखान्याच्या मालावर घटक वाचायचेच, श्ल्युझो फेर्मेंतास दिसलं तर ते प्राण्याचं रेनेट. मिक्रोबिनेस किल्मेस असं काही असेल तर ते सूक्ष्मजीवांपासून केलेलं, ते चालेल.

त्याच शेल्फवर अजून दोन नावं दिसतील, त्यांच्यात गल्लत करू नका. ज्युगास हे झेमायतिया भागातल्या तेल्श्यायचं कडक, किमान वर्षभर मुरवलेलं चीज, किसायचं किंवा तुकडे मोडून खायचं. आणि लिलिपुतास हे खरं निम-कडक मुरवलेलं चीज, युर्बारकास जिल्ह्यातल्या बेल्वेदेरिस गावात होतं, छोटंसं उभं दंडगोल, अख्खं घेतलं तरी वजन अर्ध्या किलोच्या आसपास. त्यालाही संरक्षित नाव आहे. लिलिपुतासवर 50 टक्के फॅट लिहिलेलं बघून घाबरू नका, तो आकडा पाणी वगळून उरलेल्या कोरड्या भागातला असतो, अख्ख्या चीजमध्ये फॅट त्यापेक्षा बरंच कमी भरतं. लिलिपुतास घरी करता येत नाही कारण त्याला मुरवायला तशी तळघरं आणि तिथली बुरशी लागते, ते विकतच घ्यायचं. फ्रिजमधून काढून पाऊण तास बाहेर ठेवायचं आणि मगच कापायचं, थंडगार असताना त्याची निम्मी चव झोपलेली असते.

आता घरी करायचं ते बघू, कारण वार्श्केस सूरिस घरी फार छान होतं आणि एकदा स्वतः केलं की बाजारातलं निवडतानाही डोळा तयार होतो.

दूध आणि विरजण

5 लिटर फुल क्रीम दूध घ्या. पाश्चराइज्ड पिशवीचं चालेल, डेअरीतलं ताजं असेल तर फारच छान, पण टेट्रापॅकवालं यूएचटी दूध घेऊ नका. ते इतकं तापवलेलं असतं की त्याचं दही लागलं तरी पाणी नीट सुटत नाही, पिठूळ चिखल होतो आणि तो दाबून चीज बनत नाही. लिथुआनियात बऱ्याच गावांत सुट्ट्या दुधाची मशीन असतात, तिथलं दूध कच्चं असतं, ते आणलं तर आधी घरी 72 डिग्रीपर्यंत तापवून थंड करा. जुनी माणसं कच्च्याच दुधाचं करतात हे मला माहितीये, पण घरात गरोदर बाई, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर ही रिस्क घ्यायची काही गरज नाही.

दूध कोमट, म्हणजे 25 डिग्रीच्या आतबाहेर असताना त्यात 250 मिली विरजण घाला. लिथुआनियात असाल तर केफिरास (केफिर, म्हणजे आंबवलेलं दूध) किंवा पासुकोस (ताक) किंवा दोन-तीन मोठे चमचे ग्रिएतिने, म्हणजे आंबट साय. भारतात असाल तर लोणी काढलेलं ताजं ताक. आपलं दही घातलं तरी चीज होईल पण दह्यातले जिवाणू बरेचदा उष्णता आवडणारे असतात, त्यांची आंबट चव जरा टोचरी येते, आणि केफिर-सायीतले जिवाणू थंड खोलीत सावकाश काम करतात त्यामुळे चव गोलसर, लोण्याच्या वासाची येते. म्हणून केफिर मिळत असेल तर तेच वापरा.

झाकून ठेवा. तिकडे 20-22 डिग्रीच्या खोलीत दूध लागायला एक ते दीड दिवस लागतो, पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात रात्रभरात लागेल. पातेलं कलतं केल्यावर कडेपासून एकसंध सुटलं आणि सुरी घातल्यावर स्वच्छ चीर पडली की तयार. सारखं ढवळून बघू नका.

तापवणं, ज्यात सगळं चीज बनतं किंवा बिघडतं

इथे घाई केली तर पुढचं काहीच वाचवत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. पनीर करताना आपण उकळत्या दुधात लिंबू घालतो आणि ते एका झटक्यात फाटतं, इथे बरोबर उलटं आहे, दूध आधीच आंबून घट्ट झालेलं आहे आणि आपल्याला फक्त त्यातलं पाणी हळूहळू सोडवून घ्यायचंय. पातेल्यातल्या पातेल्यातच लांब सुरीने दह्याचे दोन-तीन सेंटिमीटरचे चौकोन पाडा. मग एका मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात हे पातेलं ठेवा, थेट आचेवर नको, कारण तळाचं दही आधी शिजतं आणि वरचं कच्चंच राहतं.

अगदी मंद आच. 40 डिग्रीला यायला अर्धा-पाऊण तास जायला हवा. मधून मधून उलथन्याने कडेचं मधे आणि मधलं कडेला इतकंच करायचं, घोटायचं नाही. 40 नंतर हिरवट पिवळं पाणी दिसायला लागेल, हीच निवळी. 50 पर्यंत न्या, गॅस बंद करा, झाकण ठेवून अर्धा तास तसंच राहू द्या. थर्मामीटर नसेल तर एक कण बोटात दाबून बघा, बाहेरून जरा घट्ट आणि आत मऊ लागला पाहिजे, तोंडात टाकला तर चुरा व्हायला नको. 60 च्या पुढे गेलं की कण रबरी आणि कोरडे होतात, मग कितीही दाबा ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि चीज कापताना ढासळतं. पातळ राहिलं असेल तर अजून थोडं तापवता येतं, जास्त तापलं तर मागे येता येत नाही, तेव्हा शंका आली की गॅस बंद.

यातली निवळी गाळून जे घट्ट कण उरतात ते वार्श्के. लिथुआनियन स्वयंपाकघरात याचंच निम्मं राज्य आहे, सकाळी सायीबरोबर, पॅनकेकमध्ये, बेक करून, आणि मुलांसाठी चॉकलेटचा थर दिलेल्या छोट्या वड्यासुद्धा.

पिशवी आणि वजन

चक्का टांगायचं सुती फडकं स्वच्छ उकळून घ्या. त्यांच्याकडे यासाठी लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडाची खास तिकोनी पिशवी शिवलेली असते आणि त्या निमुळत्या आकाराचं कारण तीच. शिवायची असेल तर अवघड नाही, साधारण 35 सेंटिमीटरचा चौकोन तिरका दुमडायचा, उघड्या दोन बाजूंपैकी एक शिवून टाकायची, दुसरी मोकळी, तिथून भरायचं आणि बांधायचं. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा म्हणजे चीजवर खोल चर पडत नाही.

दही फडक्यात ओता, निवळी जाऊ द्या, पण पूर्ण थंड व्हायची वाट बघू नका, कोमट असतानाच कण एकमेकांना धरतात. किलोला 15 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट अडीच चमचे. पुढे वाळवायचं असेल तर 20 ग्रॅम. एक चमचा कॅरवे, आधी गरम पाण्यात पाच मिनिटं भिजवून. हलक्या हाताने मिसळा आणि पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा.

दाबायला दोन पोळपाट पुरतात, एक खाली, एक वर, खालचा जरा तिरका म्हणजे पाणी एका बाजूला वाहून जाईल. पहिला अर्धा तास फक्त किलोभर वजन. सुरुवातीलाच जड ठेवलं तर बाहेरचा थर बंद होतो आणि पाणी आत अडकतं, मग तिसऱ्या दिवशी मधला भाग आंबट-कडू लागतो. त्यानंतर चार-पाच किलो, रात्रभर, थंड जागी, उन्हाळा असेल तर फ्रिजमध्ये. सकाळी पिशवी सोडली की 5 लिटरचं साधारण पाऊण किलो चीज हातात येतं, दुधावर अवलंबून थोडं इकडेतिकडे.

निवळी टाकू नका हं. पोळ्यांची कणीक, भाकरीचं पीठ, ब्रेडचं पीठ सगळं त्यात छान भिजतं.

निम-कडक करायचं असेल तर: रस्ता पहिला, वाळवणं

जुन्या काळी उन्हाळ्यात गुरं कुरणावर असायची तेव्हा दूध भरपूर, आणि हिवाळ्यात गाई आटलेल्या. उन्हाळ्यातलं दूध हिवाळ्यापर्यंत न्यायचं म्हणून चीज मीठ लावून हवेशीर जागी किंवा उबदार भट्टीजवळ वाळवायचे. आपण ते फ्रिजमध्ये करू.

पिशवीतून काढलेल्या चीजला बाहेरून बारीक मीठ चोळा, जाळीच्या रॅकवर ठेवा, खाली ताटली, वर फक्त पातळ फडकं. प्लास्टिकचा डबा नको, हवा लागलीच पाहिजे. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ उलटं करायचं, नंतर दिवसातून एकदा. ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्या. चार-पाच दिवसांत बाहेरून पिवळसर कातडी धरते, आठ-दहा दिवसांत सुरी घातल्यावर स्वच्छ काप पडायला लागतात, आणि दोन आठवड्यांनी ते दाबून न दबणारं, चावताना जरा ताकद मागणारं होतं, खारट, आंबट, थोडं खमंग. मला हेच वय सगळ्यात आवडतं. यापुढेही वाळवता येतं, मग ते चघळायचं होतं, तिकडे तसे सुके तुकडे पाकिटात मिळतात.

आपल्याकडे पावसाळ्यात ओट्यावर वाळवायचा प्रयोग करू नका, दमट हवेत वाळायच्या आधी बुरशी येते. आणि हे ब्री-कॅमेंबेर नाही, यावर हिरवी, काळी, गुलाबी बुरशी दिसली तर खरवडून खायचं नाही, सगळं टाकून द्यायचं.

रस्ता दुसरा, शिजवलेलं चीज

ज्यांना दोन आठवडे थांबायचं नाही त्यांच्यासाठी. हेही पारंपरिकच आहे, आणि 24 जूनच्या योनिनेसला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात छोट्या रात्रीच्या सणाला, कॅरवे घातलेलं चीज आणि बिअर असते तेव्हा असं पिवळं चीजही टेबलावर येतं.

1 किलो चांगली निथळलेली वार्श्के, 1 लिटर दूध, 100 ग्रॅम लोणी, 2 अंडी, दीड चमचा मीठ, अर्धा चमचा खायचा सोडा, एक चमचा कॅरवे. दूध उकळीच्या जरा आधीपर्यंत तापवा, वार्श्के कुस्करून त्यात घाला, मंद आचेवर ढवळत राहा, सात-आठ मिनिटांत निवळी वेगळी होईल. लगेच गाळा आणि हाताला सोसेल तितपत पिळा. दुसऱ्या जाड बुडाच्या पातेल्यात लोणी पातळ करा, त्यात हा गोळा, मीठ, सोडा, आणि लाकडी चमच्याने ढवळत राहा. सोड्यामुळे आंबटपणा कमी होतो आणि प्रथिनं विरघळून एकमेकांत मिसळतात, म्हणून जे आत्तापर्यंत कणीदार होतं ते पाच-दहा मिनिटांत गुळगुळीत, ओढलं की ताणलं जाणारं होतं. आच कमी करून फेटलेली अंडी धार धरून घाला, जोरात ढवळा, शेवटी कॅरवे. अंडी खात नसाल तर सोडून द्या, रंग फिका येईल आणि पोत जरा मऊ राहील, बाकी काही बिघडत नाही. गरमच फडक्यात किंवा तूप लावलेल्या भांड्यात भरा, वरून दोन किलो वजन, थंड झालं की फ्रिजमध्ये रात्रभर. दुसऱ्या दिवशी पातळ काप पडतात.

आता खायचं कसं

ताजं असेल तर मधाबरोबर, याला दुसरा पर्याय मला तरी सुचत नाही. बोटाएवढा जाड काप, त्यावर पातळ मध, लिथुआनियात लिंडन झाडाच्या फुलांचा मध मिळतो, फिकट आणि किंचित पुदिन्यासारख्या वासाचा, तो मिळाला तर तोच. शेजारी ताज्या काकडीच्या उभ्या फोडी. काकडीवर मध हे तिथलं उन्हाळ्याचं नेहमीचं खाणं आहे, ऐकायला विचित्र वाटेल पण काकडीचं पाणी, मधाचा गोडवा आणि चीजचा आंबटपणा एका घासात घेतला की पुन्हा हात जातोच. ताज्याला फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं पुरेत, आणि पाच-सहा दिवसांत संपवायचं.

ताजं परतूनही खातात. लोण्यात दोन्ही बाजूंनी सोनेरी करायचं, वरून लिंगनबेरीचा जॅम, नसेल तर कुठलाही आंबट जॅम, आपल्याकडे करवंदाचा मस्त जातो. हे चीज आंबवून केलेलं असल्यामुळे त्यातलं कॅल्शियम निवळीत निघून गेलेलं असतं, म्हणून ते तव्यावर वितळत नाही, आकार धरून राहतं. पिझ्झावर, सँडविचमध्ये तार येईल या आशेने टाकाल तर निराश व्हाल. पालकाच्या किंवा मटारच्या भाजीत घालायचंच असेल तर शेवटी घाला आणि टोमॅटो, दही निम्मं करा, नाहीतर आंबटावर आंबट होतं.

निम-कडक झालेल्याला काळा राईचा (राय नावाच्या धान्याचा, मोहरीचा नव्हे) ब्रेड पाहिजे, दुओना, जड, आंबूस, दाट. ब्रेडवर लोण्याचा थर, त्यावर चीजचा पातळ काप, बस. गोड हवं असेल तर ओबुओल्यू सूरिस शोधा, नावात चीज आहे पण दूध अजिबात नाही, सफरचंदं साखरेत तासन्‌तास आटवून, तशाच पिशवीत दाबून, वाळवून केलेली वडी. शरद ऋतूत सफरचंदं निघाली की करतात. दोन्हीचे पातळ काप एकावर एक ठेवून खायचे, एक खारट-आंबट, एक गोड-आंबट. थाळी मांडायची असेल तर याशिवाय अक्रोड, कॅरवे आणि उकडलेले वाटाणे ठेवा, फार गर्दी नको.

धुरावलेलं विकतच घ्या. तिथे आल्डरच्या लाकडाचा धूर देतात, बाहेरची तपकिरी कड काढायची नाही, खरी चव तिथेच असते. याच्याबरोबर बिअर, बिर्झाय आणि पास्वालिस भागात अजूनही गावठी पद्धतीची बिअर बनते, आणि सोबत केप्ता दुओना, म्हणजे काळ्या ब्रेडच्या पट्ट्या तेलात तळून लसूण चोळलेल्या. दारू घेत नसाल तर गिरा घ्या, राईच्या ब्रेडपासून आंबवून केलेलं तपकिरी पेय, त्यात अल्कोहोल अगदी नावाला असतं पण असतं, तेव्हा अजिबात चालत नसेल त्यांनी काळा चहा घ्यावा. मार्चच्या सुरुवातीला विल्नियसमध्ये असाल तर काझ्युको मुगेच्या जत्रेत जा, गावोगावचे शेतकरी येतात आणि बरेच जण चव बघायला देतात, तिन्ही वयाचं एकापाठोपाठ खाऊन बघायला यापेक्षा चांगली जागा नाही. खेड्यातच जायचं असेल तर वारेना जिल्ह्यात दार्गुझ्याय गावात चीज करणाऱ्यांनी मिळून चालवलेलं घर आहे, तिथे शेळीच्या दुधाचंही मिळतं.

वाळवलेलं चीज कागदात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, प्लास्टिकमध्ये घाम येतो. कड फारच दगड झाली असेल तर ती रात्रभर दुधात बुडवून ठेवा, सकाळी कापता येते. तरीही नाही ऐकली तर किसून बटाट्याच्या गरम सूपवर घाला, सूप गॅसवरून उतरवल्यावर, आणि मीठ मग चव बघूनच.